सावकाशकाकांनी आत आणलेली नाकेबंदी

जहाज बंदरात आणायचं काम कप्तानाचं असतं, असा लोकांचा समज असतो. कप्तानाचाही असतो. प्रत्यक्षात सात समुद्र ओलांडून आलेला हा कप्तान बंदराच्या तोंडाशी पोचला की त्याची अवस्था परक्या घरात दिवा गेल्यावर मोरी शोधणाऱ्या पाहुण्यासारखी होते. वाळूचा दांडा कुठे आहे, खडक कुठे आहेत, ओहोटीला पाणी कुठल्या अंगाला ओढतं, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. मग गावातला एक माणूस लहान होडीतून जातो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो, सुकाणू धरणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो आणि "जरा डावीकडे, आता सरळ, सावकाश" असं सांगत ते भलंमोठं धूड धक्क्याला आणून लावतो. या माणसाला पायलट म्हणतात. विमानाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे या गोष्टीतल्या पायलटाला जन्मभर पाहुण्यारावळ्यांना समजावून सांगावं लागलं.

या पायलटाला सगळे सावकाशकाका म्हणत. कामाच्या वेळी दर दोन वाक्यांनंतर 'सावकाश' म्हणायची सवय जिभेला अशी चिकटली की ती घरी आल्यावरही सुटेना. मुलगा झाल्याची बातमी सांगायला दवाखान्यातली नर्स धावत बाहेर आली, तेव्हा या गृहस्थांनी आधी तिला 'सावकाश' म्हटलं आणि मग रडायला सुरुवात केली. अंगाने किरकोळ, मिशी अंगाच्या मानाने जरा जास्त, आणि वर्षानुवर्षं वाऱ्यात बघून बारीक झालेले डोळे. मिरवण्यासारखी त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती. त्यांनी आणलेल्या एकाही जहाजाला आजवर साधा ओरखडासुद्धा गेला नव्हता. हे ते स्वतःहून कोणाला सांगत नसत. समोरचा विषय काढेपर्यंत थांबत, आणि त्याने नाहीच काढला तर त्याला जहाजांबद्दल काही विचारायचं आहे का, अशी चौकशी करत.

असा माणूस आपल्या मुलाला काय करणार? सुकाण्यावर उभा करणार. चालायला लागल्यापासून त्याला भरती-ओहोटी शिकवली, बावटे शिकवले, दुर्बीण कशी धरायची तेही शिकवलं. मुलगा मोठा झाला आणि जहाजावर लागलाही, पण स्वयंपाकी म्हणून. काकांच्या डोक्यावर आभाळच कोसळलं.

"जहाजावर जायचं तर सुकाणू धर. झारा कसला धरतोस?" काका म्हणाले.

मुलगाही त्यांचाच. तो म्हणाला, "सुकाणू धरणाऱ्याला जेवायला कोण घालणार, बाबा?"

यावर दोघांचं बोलणं बंद झालं. योगायोग असा की मुलाचं जहाज पहिल्या सफरीला निघालं तेव्हा ते बंदराबाहेर काढून द्यायची पाळी काकांचीच होती. गावाला पायलटच एक, दुसऱ्या कोणाची येणार? जहाजावर आलेल्या पायलटाला चहा द्यायची जुनी रीत आहे. मुलगा कप घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. काकांनी समोरच्या पाण्याकडे बघत "नको" म्हटलं. मुलगा थोडा वेळ थांबला आणि कप घेऊन परत गेला. निदान 'जपून राहा' एवढं तरी म्हणावं, हे काकांना आतून फार वाटत होतं, पण जीभ उचलली नाही. ते शिडी उतरले आणि घरी आले. त्या न प्यालेल्या चहाने त्यांना पुढे फार छळलं.

त्यानंतर नाकेबंदी झाली. शेजारच्या देशाशी बिनसलं होतं. कशावरून, ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. दोन्हीकडची भाषा एकच असल्यामुळे भांडायला मात्र सोपं जात होतं. शेजाऱ्यांनी एकही गोळी झाडली नाही. त्यांनी फक्त करड्या रंगाची एक युद्धनौका आणली आणि आमच्या खाडीच्या तोंडासमोर उभी केली. आत काही येऊ द्यायचं नाही, बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. दुकानं रिकामी झाली की लोक चिडतील, चिडले की आपल्याच सरकारच्या नावाने खडे फोडतील आणि सरकार नाक घासत येईल, असा त्यांचा बेत. रक्ताचा थेंब न सांडता, नुसती साखर आणि साबण अडवून लढायची ही लढाई. लांबून बघणाऱ्याला ती सभ्य वाटते. साबणाशिवाय आठवडे काढलेल्या माणसाशेजारी बसून बघावी, मग ती किती सभ्य आहे ते कळतं.

आत यायचं थांबलं ते सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. बाहेर जायचंही थांबलं आहे, हे कळायला जरा वेळ लागला. गावात मोठा कारखाना एकच होता, आणि तो खुर्च्यांचा. इथल्या खुर्च्या जहाजं भरभरून परदेशी जात. आता जाणार कुठे? पण कारखाना बंद केला तर कामगार घरी बसतील, म्हणून मालकाने तो चालूच ठेवला. आधी गोदामं भरली, मग आवार भरलं, मग रस्ते. मालकाने पगार खुर्च्यांत दिला. बंदराचं भाडंही खुर्च्यांत दिलं, आणि बंदराने त्याच खुर्च्या आपल्या लोकांना पगार म्हणून वाटल्या. किराणा दुकानात साबण नव्हता, पण साबण नाही हे ऐकायला बसायची सोय उत्तम होती. वाण्याकडे वीस, न्हाव्याकडे तीस, आणि पोस्टात तर इतक्या झाल्या की पोस्टमन खिडकीतून ये-जा करू लागला. शत्रूने आम्हाला उपाशी मारायचं ठरवलं होतं. आम्ही बसून मरणार, असं दिसत होतं.

काकांच्या घरातही पगारागणिक खुर्च्या येत होत्या, आणि कामधंदा नसलेले काका त्यांतल्या एकीवर दिवसभर बसून होते. बायकोला, म्हणजे काकूंना, यातलं नेमकं काय जास्त अडचणीचं, ते ठरवता येत नव्हतं. पायलटाला जहाज मिळालं नाही की तो मिळेल ते चालवतो.

"जरा उजवीकडे," काकू हातात भांडं घेऊन निघाल्या की काका म्हणत. "आता सरळ. पुढे खुर्ची आहे."

"दिसतेय मला."

"सावकाश."

"अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात चालतेय. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे ते माहीत आहे मला."

एकदा शेजाऱ्यांना कपाट जिन्यावरून वर चढवायचं होतं. काका मदतीला गेले. त्यांनी सगळी सकाळ घालवली, दोरखंड लावले, हातवारे केले, आणि कपाट अर्ध्या जिन्यात आल्यावर भरती कधी आहे ते विचारलं. शेजाऱ्यांनी त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं. त्या दिवशी मात्र काकूंना हसू आलं नाही. नवरा रिकामपणाने खचत चालला आहे हे त्यांना दिसलं, आणि त्यांचा जीव तुटला.

पण त्यांच्या जिवाला खरा घोर दुसराच होता. मुलाचं जहाज परत आलं होतं आणि युद्धनौकेच्या पलीकडे नांगर टाकून उभं होतं. पोटात गावासाठी आणलेली साखर, साबण, काड्यापेट्या, सुया. काकू रोज पहाटे दुर्बीण घेऊन गच्चीवर जात, खुर्चीवर बसत आणि त्या जहाजाच्या स्वयंपाकघराचं धुराडं शोधत.

"उठला," धूर दिसला की त्या म्हणत.

"कोण उठला?" गच्चीच्या दारातून काका विचारत.

"तुमचा कोणी नाही. माझा मुलगा. तुम्ही वर कशाला आलात?"

"वारा कुठला आहे ते बघायला."

मग एक दिवस मच्छीमारांकडून निरोप आला. जहाजावरचं पिण्याचं पाणी संपत आलं आहे. आणखी दोन-चार दिवस वाट बघून ते जहाज आल्या वाटेने परत जाणार. परत म्हणजे समुद्रापलीकडे. तिथून पुन्हा कधी येईल, येईल की नाही, देव जाणे. काकू हे ऐकून दुर्बीण पुसत बसल्या. काका त्या रात्री जेवले नाहीत. 'नको' म्हटलेला कप त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मुलगा आता गेला तर आपला त्याला सांगितलेला शेवटचा शब्द तोच राहणार, एवढंच त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. काका वारा बघायला म्हणून गच्चीवर गेले. वारा नव्हताच. समुद्र, खाडी, सगळं कापसात बुडालं होतं. तेवढ्यात धुक्याला वरच्या अंगाला जरा भोक पडलं आणि त्यातून एका डोलकाठीचं टोक दिसलं. टोकाशी एक बावटा. पिवळ्या आणि निळ्या उभ्या पट्ट्यांचा.

त्या बावट्याचा अर्थ जगभर एकच आहे. पायलट हवा.

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलाचं जहाज धुक्याचा फायदा घेऊन शत्रूच्या नाकाखालून निसटलं होतं, तोंडाशी येऊन उभं होतं आणि आपल्याला बोलवत होतं. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि ते धावत सुटले. सावकाशकाका धावताना गावाने पहिल्यांदाच पाहिले. वाटेवरच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी पाय आखडून घेतले.

खरं काय घडलं होतं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. तो बावटा युद्धनौकेचा होता आणि तो कोणाला बोलवत नव्हता. तो वाळत होता. इतके दिवस एका जागी उभं राहून कंटाळलेल्या एका खलाशाने आदल्या दिवशी सगळे बावटे धुऊन काढले होते. साबणाचा त्यांच्याकडे सुकाळ होता, आमचाच अडवलेला. बाकीचे बावटे त्याने खाली दोरीवर टाकले, आणि जागा उरली नाही म्हणून हा एक डोलकाठीवर चढवला.

होडी वल्हवत काका त्या डोलकाठीखाली पोचले आणि हाक मारून त्यांनी वरून शिडी सोडायला लावली. धुक्यातून ती चढताना त्यांना जहाजाचा करडा रंग दिसला. नवा रंग दिलेला दिसतोय, असं त्यांना वाटलं. वर पोचल्यावर त्यांनी टोपी नीट केली आणि समोर आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं, "पायलट."

हा अधिकारी म्हणजे युद्धनौकेचा उपकप्तान. अंगावर जाड कोट आणि गळ्याला हनुवटीपर्यंत मफलर होता, त्यामुळे त्याच्या गणवेशाचं बटणही दिसत नव्हतं. कप्तान आपल्या खोलीत निजून होता. दाढेने त्याचा जीव नकोसा केला होता, गाल पावासारखा फुगला होता आणि दार ठोठावणाऱ्याला तो बूट फेकून मारत होता. उपकप्तानाने काकांचा कोट बघितला, टोपी बघितली आणि विचार केला की एवढा रीतसर पायलट आला आहे, म्हणजे तो कप्तानसाहेबांनीच बोलावला असणार. तह झाला असेल आणि धुक्यातून घरच्या वाटेला लावायला हा आला असेल. आपल्याला कोण सांगतंय? खात्री करायला कप्तानाचं दार ठोठावावं लागलं असतं, आणि त्याच्याकडे बुटाचे दोन वळ आधीच होते. त्याने नांगर उचलायला सांगितला. आतल्या कप्तानाला नांगराच्या साखळीचा आवाज आला. घरी परत जायचा हुकूम आला वाटतं, असं समजून त्याने समाधानाने कूस बदलली.

सुकाण्याच्या खोलीत काकांना वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. धुक्यात दिसत काहीच नव्हतं, पण काकांना दिसायची गरज नव्हती. "जरा डावीकडे," ते म्हणाले. जहाज डावीकडे वळलं. "सरळ. सावकाश." ऐकणारं माणूस मिळालं की किती बरं वाटतं, ते घरी बसलेल्या नवऱ्यांनाच कळेल. आणि त्यांचं अर्धं लक्ष मागच्या दाराकडे होतं. आता चहा येईल. या खेपेला 'नको' म्हणायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

चहा आला. तो घेऊन एक आडदांड, दाढीवाला, तोंडावर देवीचे व्रण असलेला माणूस आला.

"आमचा मुलगा कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"कोण मुलगा?" दाढीवाला म्हणाला.

आणि तेव्हाच धुकं वर सरकलं. काकांनी समोर बघितलं. समोर एक तोफ होती. तिच्या मागे दुसरी होती. तिच्याही मागे एक दोरी होती आणि तिच्यावर सगळ्या जगाचे बावटे वाळत होते.

काकांनी हातातली कपबशी खाली ठेवली. उपकप्तानानेही समोर बघितलं. त्याला किनारा दिसला, गाव दिसलं आणि धक्क्यावर मांडलेल्या शेकडो खुर्च्या दिसल्या. त्या खुर्च्या तो इतके दिवस दुर्बिणीतून बघत आला होता.

"हे कुठलं बंदर?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"तुम्ही अडवलंय ते," काका म्हणाले.

"मागे वळा."

"इथे वळता येत नाही. खाडी अरुंद आहे. वळवलंत तर आडवं अडकेल."

काकांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. उजव्या हाताला वाळूचा दांडा होता. तोंडातून नुसतं 'जरा उजवीकडे' निघालं असतं तर शत्रूची नौका कायमची वाळूत रुतली असती, आणि गावाने काकांना खांद्यावर घेऊन मिरवलं असतं. पण खाडीच्या तोंडात एकदा एवढं धूड रुतून बसलं की मागून कोणतंच जहाज आत येऊ शकत नाही. मग शत्रूने नव्हे, आपणच नाकेबंदी केल्यासारखं होणार, आणि तीही कायमची. मुलगा बाहेरच राहिला असता. शिवाय, आणि हे काकांनी पुढे कोणालाच सांगितलं नाही, जहाजाला ओरखडा गेला असता.

"सरळ," काका म्हणाले. "सावकाश."

धक्क्यावर गाव बसलंच होतं. युद्धनौका धुक्यातून बाहेर पडून थेट आपल्याकडे येताना दिसली तशी सगळ्यांची पाचावर धारण बसली. पण कोणी उठलं नाही, कारण उठलं की पुढच्या रांगेतली जागा जाते. बंदराचे साहेब, म्हणजे बंदराचा सगळा कारभार बघणारे गोलमटोल गृहस्थ, रुमाल काढून पुढे झाले. त्यांनी तो पांढरा रुमाल उंच धरला. नेमका त्याच क्षणी वरून उपकप्तानानेही पांढरा रुमाल उंच धरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"आम्ही शरण येतोय," बंदरसाहेब म्हणाले.

"आधी आम्ही धरला होता रुमाल," उपकप्तान म्हणाला.

वाद वाढणार इतक्यात वरचं एक दार उघडलं आणि कप्तान बाहेर आला. गाल फुगलेला, हनुवटीखालून पांढरं फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. हा तिसरा बावटा कोणाच्या बाजूचा, ते कोणालाच कळेना. कप्तानाने गावाकडे बघितलं, तोफांकडे बघितलं आणि मोठ्या कष्टाने तोंड उघडलं.

"इथे दातांचा डॉक्टर आहे का?" त्याने विचारलं.

डॉक्टर होता. तो पुढच्याच रांगेत बसला होता. त्याने तिथेच, धक्क्यावर, कप्तानाला एका नव्याकोऱ्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्या गावासमोर दाढ काढली. कप्तान बेशुद्ध पडला नाही, उपकप्तान पडला. दाढ निघाल्यावर कप्तानाने जरा वेळ गाल चोळला, आणि मग हळूहळू त्याला आपण कुठे आहोत ते उमगलं. पण तोवर ओहोटी लागली होती आणि त्याची नौका धक्क्याला चिखलात आरामात टेकली होती. पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत ती हलणार नव्हती. काकांनी तसं त्याला आदराने सांगितलं.

"म्हणजे मी कैदी आहे का?" कप्तानाने विचारलं.

बंदरसाहेबांनी विचार केला. "ते वरून कळेल," ते म्हणाले. "पण नाकेबंदी बाहेर उभं राहून करायची असते. आत येऊन केली तर तिला पाहुणचार म्हणतात. बसा."

कप्तान बसला. त्याचे खलाशीही एकेक करून खाली उतरले. इतके दिवस पहाऱ्यावर उभं राहून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. खुर्च्या बघून त्यांतल्या काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांना मात्र घरी जाऊ दिलं नाही. त्याच दिवशी त्यांच्यासाठी दोन समित्या बसल्या. शत्रूला बंदरात आणून सोडल्याबद्दल यांना तुरुंगात घालावं की काय, हे एकीने ठरवायचं होतं. शत्रूची अख्खी नौका एकट्याने पकडून आणल्याबद्दल यांचा सत्कार करावा की काय, हे दुसरीने. दोन्ही समित्या बंदराच्या कचेरीत शेजारशेजारच्या खोल्यांत बसल्या, आणि काका बाहेर, दोन दारांच्या मधल्या खुर्चीवर. एका दारातून बोलावणं आलं की ते मान खाली घालून आत जात, दुसऱ्यातून आलं की मान वर करून. सारखी ये-जा झाल्यावर त्यांचा गोंधळ उडाला आणि सत्कार समितीसमोर त्यांनी गुन्हा कबूल केला.

इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. काकू वर आल्या. गळ्यात दुर्बीण तशीच होती. त्या दोन्ही दारांच्या मध्ये उभ्या राहिल्या, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जाईल.

"बाहेर अडवायला आता कोणी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाचं जहाज खाडीच्या तोंडाशी आलंय. पायलट हवा म्हणून बावटा लावलाय. या वेळी तो वाळत घातलेला नाही, मी नीट बघितलंय. यांना काय फाशी-बिशी द्यायची असेल ती नंतर द्या. आधी यांना जाऊ द्या."

पहिली समिती म्हणाली, आरोपीला असं सोडता येत नाही. दुसरी म्हणाली, सत्कारमूर्तीला कामाला लावणं बरं दिसत नाही.

"त्या जहाजावर साखर आहे," काकू म्हणाल्या. "साबणही आहे."

दोन्ही समित्यांनी काकांना स्वतः जिना उतरवून दिला.

तोवर पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. काका होडीत बसले, शिडी चढले, सुकाण्याच्या खोलीत जाऊन उभे राहिले. या खेपेला त्यांनी आधी तोफ आहे का ते बघून घेतलं. नव्हती. जहाजाचा म्हातारा कप्तान ओळखीचा होता. मुलाचं नाव त्याने काढलं नाही, आणि काकांच्याही तोंडून ते निघेना. "जरा डावीकडे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. खाडीचं तोंड मागे पडलं, वाळूचा दांडा मागे पडला. धक्का समोर दिसू लागला. सगळं गाव खुर्च्यांवर बसलं होतं, मध्येच गाल सुजलेला कप्तानही होता, आणि पहिल्या रांगेत काकू डोळ्यांना दुर्बीण लावून होत्या. जहाज आता त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, तरी दुर्बीण खाली आली नव्हती.

मागचं दार उघडलं. पावलं शेजारी येऊन थांबली.

"बाबा, चहा."

काकांनी समोरून नजर न हलवता हात पुढे केला. कप हातात आला. त्यांनी एक घोट घेतला. दीड चमचा साखर होती. नाकेबंदी सुरू झाल्यापासून त्यांनी गोड चहा प्यायला नव्हता, आणि दीड चमचा ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. पोराने ती लक्षात ठेवली होती. काकांचे डोळे भरून आले.

"सावकाश," ते सुकाणू धरणाऱ्याला म्हणाले. मग समोरच्या पाण्याला म्हणाले, "चहा चांगला झालाय."

काकांना वाटलं, हे असं पाण्याला सांगून चालायचं नाही. मागच्या वेळी 'नको'सुद्धा आपण पाण्यालाच सांगितलं होतं. जहाज धक्क्यापासून दोन हातांवर होतं. अशा वेळी पायलटाने मान वळवायची नसते. मुलाला लहानपणी त्यांनी हेच पहिल्यांदा शिकवलं होतं.

काकांनी मान वळवली. मुलगा वाळला होता. त्याला मिशी फुटली होती, ती अंगाच्या मानाने जरा जास्तच होती, आणि खांद्यावर फडकं होतं.

"चहा फार चांगला झालाय," काका त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले. "मी तेव्हाच प्यायला हवा होता."

मुलाने काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. जहाजाची उजवी कूस धक्क्याच्या दगडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत असा आवाज करत घासत गेली की पहिल्या दोन रांगा खुर्च्यांसकट मागे पडल्या. लांबलचक, सरळ, कुठेही न तुटलेला ओरखडा. दोन्ही समित्यांचं काकांबद्दल पुढे कधीच एकमत झालं नाही. या ओरखड्याचा ठपका मात्र दोघींनी मिळून ठेवला.

काकूंनी दुर्बीण खाली घेतली.

"अहो," त्यांनी खालून सांगितलं, "जरा डावीकडे घ्यायचं होतं."

वर काका मुलाला विचारत होते, आणखी अर्धा कप मिळेल का.